मेन कॉक

सोसायटीच्या गच्चीवर टाक्यांच्या बुडाशी एक जागा असते. तिथं वाकूनच शिरावं लागतं. सिमेंटच्या ठोकळ्यांवर टाक्या, त्यांच्या पोटातून निघालेला जाड पाइप, त्याला फुटलेल्या पाऊण इंची फांद्या आणि प्रत्येक फांदीवर एक कॉक. एखाद्याचं चाक अजून लाल आहे, एखाद्याचं गंजून तपकिरी झालंय. एकाला चाकच नाही. नुसता चौकोनी दांडा वर आलाय आणि पक्कड लावून लावून त्याचे कोपरे गोल झालेत. मागच्या कठड्यावर ऑइलपेंटनं फ्लॅटचे नंबर घातलेले आहेत. त्यातले ५ आणि ६ पावसानं सारखेच करून टाकलेत. मधे कधीतरी कुणी बाथरूम नवी केली, पाइप बदलला, जोड इकडचा तिकडं गेला. नंबर मात्र भिंतीवर होते तिथंच राहिले.

कुरडया वाळत घालायला, संक्रांतीला पतंग उडवायला, कोजागरीला दूध आटवायला अख्खी सोसायटी गच्चीवर येते. या कोपऱ्याकडं कुणी फिरकत नाही. मला मात्र इथं थोडं थांबायला आवडतं. खाली कुठं कुकरची शिट्टी होतेय, कुठं बाळाच्या अंघोळीची तयारी चाललीय, कुठं भांडी पडलीत, आणि त्या सगळ्यांचं पाणी या एवढ्याशा पितळी तुकड्यांतून खाली उतरतंय. ज्यांची ती घरं आहेत त्यांतल्या बहुतेकांनी आपला कॉक कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही. वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक घरात कुणाला तरी सापडतो. गॅसचं पुस्तक कुठल्या खणात आहे ते ठाऊक असतं. पण घरात येणारं पाणी नेमकं कुठं थांबवायचं, हे विचारलं की लोक वॉचमनचं नाव सांगतात.

एकदा तशी वेळ आली तेव्हा वॉचमन दूध आणायला गेला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी एकट्या राहतात. त्यांच्या बाथरूममध्ये गीझरखालचं, भिंतीतून बाहेर येणारं निपल सकाळी सकाळी तुटलं. नळ खराब झाला, शॉवर गळायला लागला तर त्याच्या अलीकडचा अँगल कॉक बंद करता येतो. पण इथं तुटलं होतं ते अँगल कॉकच्याही अलीकडं, भिंतीच्या अगदी तोंडाशी. तिथं हातानं बंद करण्यासारखं काही उरतच नाही. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दोन मजल्यांचं वजन घेऊन खाली येतं. समोरच्या भिंतीवर धार आपटत होती आणि तिचा आवाज आमच्या जिन्यापर्यंत येत होता. आजींनी आधी बादली लावली, मग दुसरी, मग जुनी साडी पिळा देऊन त्या भोकावर दाबून धरली. आम्ही पोचलो तेव्हा त्या नखशिखान्त भिजल्या होत्या आणि साडी सोडायला तयार नव्हत्या. पाणी बाथरूमचा उंबरा ओलांडून पॅसेजमध्ये आलं होतं, तिथून देवघराकडं.

आम्ही चौघंपाचजणं होतो. कुणी प्लंबरला फोन लावत होतं. कुणी गच्चीकडं धावलं, तर गच्चीला कुलूप. किल्ली सेक्रेटरींकडं, आणि सेक्रेटरी सकाळच्या फिरण्याला गेलेले. कुणी टॉवेल पसरत होतं. घरातलं सगळं शहाणपण पाणी अडवण्यात आणि पुसण्यात गुंतलं होतं. तेवढ्यात आजींकडं कामाला येणाऱ्या मावशी आल्या. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, आत एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "आजी, आधी मेन स्विच पाडा. गीझर चालू आहे तो." मग पदर खोचला आणि सरळ मागच्या बाल्कनीत गेल्या. तिथं वॉशिंग मशीनच्या पाठीमागं, भिंतीला चिकटून, वरून येणारा पाइप घरात शिरतो. त्यावर एक कॉक होता. मशीन पुढं ओढून, हात कोपरापर्यंत आत घालून त्यांनी तो फिरवला. एक फेरा, दोन, तीन. धारेचा आवाज उतरत गेला आणि थांबला.

त्यांना कसं ठाऊक होतं, हे मी नंतर विचारलं. त्यांना त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. आजी उन्हाळ्यात लेकीकडं जातात तेव्हा घर बंद करायचं काम त्यांच्याकडंच असतं. त्या चार घरी कामाला जातात आणि चारही घरांचं पाणी कुठून येतं, कुठं अडतं, कुठल्या नळाची वायसर गेलीय, कुठल्या टाकीचा बॉल अडकतो, सगळं त्यांच्या हातांना माहीत आहे. घराची कागदपत्रं एकाच्या नावावर असतात आणि घराची ही असली ओळख दुसऱ्याच कुणाकडं असते, हे मला त्या दिवशी फार खोलवर लागलं. आम्ही सगळी शिकलेली माणसं त्या घरात उभी होतो आणि पाण्याला वाट कुठून आहे हे कळणारं एकच माणूस होतं.

गॅसचं तसं नाही. गावाला निघताना जिन्यात उतरलेला माणूस परत वर जातो, "रेग्युलेटर बंद केला ना?" म्हणून. रात्री झोपण्याआधी ओट्यावरून हात फिरवून गॅसची बटणं तपासणारी बाई घरोघरी आहे. लहान मुलालासुद्धा दम दिलेला असतो. विजेचं तेच, ठिणगी उडाली की कुणीतरी मीटरकडं धावतं. ही दोन्ही घरात पाहुणी म्हणून आली, भीती सोबत घेऊन आली, आणि त्यांना थांबवण्याची खूण आपण पहिल्या दिवसापासून शिकलो. पाणी मात्र आपलंच. त्याच्यापासून घराला धोका असेल हे मनाला पटतच नाही. आग लागली की पाणी टाकायचं, एवढंच आपल्याला पाठ.

आणि पाणी थांबवायला शिकणार तरी कोण? माझं लहानपण वाड्यात गेलं. चौकात एक नळ, त्याला सकाळी दीडेक तास पाणी. नळाची तोटी आधी नुसती हवा सोडायची, खाकरायची, मग तांबूस पाणी, मग स्वच्छ. "पाणी आलं!" ही हाक ज्यानं पहिल्यांदा ऐकली त्यानं ती सगळ्या वाड्याला द्यायची, असा न सांगितलेला नियम होता. मग हंडे, कळश्या, पितळी घागरी, पत्र्याचे डबे, बंब, न्हाणीतला दगडी हौद. माझी आजी तांब्याच्या घागरीवर फडकं बांधून गाळून पाणी घ्यायची. भरता येईल ते सगळं भरायचं, वाट्यासुद्धा. त्या दीड तासात कुणी नळ बंद केलेला मला आठवत नाही. पाणी आपणच जायचं. ते गेल्यावर तोटीखाली शेवटची कळशी तशीच ठेवलेली असायची, थेंबभर आलंच तर म्हणून.

आपल्या कहाण्यासुद्धा पाणी आणण्याच्या आहेत. श्रावणात शिळासप्तमीला सांगतात ती कहाणी घ्या. राजा गाव वसवतो, तळं खोदतो आणि तळ्याला पाणी लागत नाही. जलदेवता नातवाचा बळी मागतात. सून माहेरी गेल्यावर मुलाला तळ्यात ठेवलं जातं आणि पाणी भरून येतं. पुढं सुनेच्या श्रद्धेमुळं मूल परत मिळतं, कहाणी साठा उत्तरी सुफळ होते. लहानपणी ती ऐकताना मला त्या मुलाचीच काळजी वाटायची. आता वाटतं, पाण्यासाठी एवढी किंमत मोजायची तयारी असलेल्या लोकांची ती कहाणी आहे. अंघोळीच्या वेळी सात नद्यांना तांब्यात बोलावणारा श्लोक तर घराघरात म्हणतात. पाण्याला मागं सारण्याच्या गोष्टी आहेत आपल्याकडं, पण ती कामं बहुतेक देवांची. परशुरामानं बाण मारून समुद्र हटवला आणि कोकण वर काढलं. वसुदेवाच्या टोपलीतल्या बाळाचा पाय लागला तेव्हा यमुना ओसरली. माणसानं आपल्या हातानं पाणी थांबवावं, असं आपल्याला फारसं कुणी सांगून ठेवलेलं नाही.

म्हणून आपल्याकडं घरं बुडतात ती पुष्कळदा अगदी साध्या कारणानं. पाणी गेलेलं असतं. कुणीतरी नळ उघडून पाहतं, येत नाही, तसाच सोडून देतं. घर गावाला जातं. रात्री दोन-तीनला पाणी येतं आणि उघड्या नळातून बिचारं आपलं काम करत राहतं. न्हाणीची जाळी केसांनी, साबणाच्या वडीच्या तुकड्यानं तुंबलेली असली की मग उंबऱ्याबाहेर. खालच्यांच्या छताला ओल आली की मग फोनाफोनी, कुलूप तोडायचं की नाही याची चर्चा. ज्या घरात पाण्याची वाट पाहिली जाते त्याच घरात उघडा नळ राहतो. दिवसभर भरलेल्या नळांची सवय असलेल्या माणसाला हे कळायचं नाही. टंचाई आणि महापूर एकाच तोटीत राहतात.

आमच्याकडं येणारा प्लंबर फार कमी बोलतो. त्याच्या पिशवीत पाने, हॅक्सॉ ब्लेड, टेफ्लॉनची टेप, आणि अजूनही सुताचा गुंडा आणि सफेद्याचा डबा असतो. लोखंडी जुन्या पाइपाच्या आट्यांवर सूत गुंडाळून वर सफेदा फासला की तो जोड वर्षानुवर्षं गळत नाही, असं त्याचं मत आहे. टेप घाईच्या कामाला. आजींकडचं निपल बदलल्यावर मी त्याला आमच्या गच्चीवरच्या कॉकपाशी घेऊन गेले. त्यानं चाकावर नुसता हात ठेवला. "ताई, हा बसलाय. जोर नका करू, दांडा तुटेल." मग त्यानं मला सावकाश सगळं दाखवलं.

या चाकाच्या कॉकला आत एक पितळी पाचर असते. चाक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवत गेलं की ती पाचर खाली सरकत सरकत पाण्याच्या वाटेत उभी राहते. पूर्ण बंद व्हायला बरेच फेरे लागतात. बोअरचं पाणी असेल तर त्यातले क्षार पाचरीच्या खाचेत आणि दांड्याच्या आट्यांवर बसत जातात. कॉक वर्षानुवर्षं पूर्ण उघडा, एकाच जागी राहिला की पाचर तिथंच धरते. मग ज्या दिवशी त्याची गरज पडते नेमक्या त्या दिवशी तो फिरत नाही, किंवा फिरतो आणि पाणी मात्र चालूच राहतं, कारण तळाशी साठलेल्या पांढऱ्या थरावर पाचर टेकते, पुरती बसत नाही. घाबरलेला माणूस जोर लावतो, आणि हातात चाक येतं. आमच्या कठड्यासमोरचा तो बिनचाकाचा दांडा कुणाच्या तरी अशाच सकाळीतून उरलेला असणार.

प्लंबरनं दांड्याच्या मुळाशी तेलाचे थेंब सोडले, थोडा वेळ बिडी ओढत बसला. मग चाक पाव फेरा पुढं, पाव फेरा मागं. पुन्हा अर्धा पुढं, थोडा मागं. धान्य पाखडताना सूप हलतं तसा त्याच्या मनगटाचा झोका होता, घाई नाही आणि थांबणं नाही. आतून बारीक करकर ऐकू येत होती. शेवटी तो बंद झाला, आणि खाली आमच्या स्वयंपाकघरातून आईची हाक आली की पाणी गेलं. परत उघडताना त्यानं चाक शेवटपर्यंत नेलं आणि अर्धा फेरा उलट घेतला. "टोकाला जाऊन घट्ट ठेवायचा नाही. तिथंच धरतो. आणि सहा महिन्यांनी एकदा असा फिरवत जा." दांड्यापाशी थेंब झिरपायला लागले होते, त्यानं वरचा नट किंचित आवळला, थेंब थांबले. नवीन बसवायचा असेल तर लांब दांडीचा बॉल व्हॉल बसवा, असंही म्हणाला. त्याच्या आत भोक असलेला गोळा असतो, पाव फेऱ्यात काम होतं. दांडी पाइपाच्या रेषेत असेल तर उघडा, आडवी असेल तर बंद. लांबून बघूनही कळतं, अंधारात हाताला कळतं. पाँपेईच्या राखेखालून रोमन लोकांचे ब्राँझचे कॉक निघाले आहेत, तेही असेच, भोक पाडलेला गट्टू फिरवायचा आणि वाट मिटवायची. ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं घर आणि त्यात पाणी बंद करण्याची सोय शाबूत, हे वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

शहरालाही असे कॉक असतात. मुंबईत १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळातून आलं, पुढं तुळशी आलं, तानसा आलं, वैतरणा, भातसा आले. आणि एवढ्या दुरून येणारं पाणी आजही बहुतेक वस्त्यांना ठरलेल्या काही तासांपुरतंच सोडलं जातं. ते सोडणारा आणि बंद करणारा माणूस म्हणजे चावीवाला. खांद्यावर लांब लोखंडी चावी, वर हाताला धरायला आडवा दांडा. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, चावी खाली सोडायची, अंदाजानं तोंड लावायचं आणि दोन्ही हातांनी फेरे मोजत फिरवायचं. कुठल्या गल्लीला किती फेरे उघडल्यावर टेकडीवरच्या शेवटच्या घरापर्यंत पाणी चढतं, हे त्याच्या डोक्यात असतं. कुठं पाइप फुटला की सगळे धावतात ते खड्ड्याकडं. तो एकटा उलट दिशेनं जातो, आधीच्या झाकणाकडं. संकटात पाण्याच्या मागं न लागता पाण्याच्या पुढं जाऊन उभं राहणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो. त्याचं नाव त्याच रस्त्यावरच्या घरांनाही ठाऊक नसतं.

तसलीच चावी मला पुढं एकदा फोनवर दिसली, तीही टेक्सासात. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिकडं अचानक कडाक्याची थंडी पडली, वीज गेली, आणि ज्या घरांचे पाइप माळ्यावरून गेलेले होते त्यांत पाणी गोठलं. माझी मावसबहीण तिथं असते. पाणी गोठून फुगतं तेव्हा पाइप तडकतो, पण तेव्हा कळत नाही. बर्फच बूच होऊन बसलेला असतो. दोन दिवसांनी ऊन आलं, बर्फ वितळला आणि छतातून पाणी कोसळायला लागलं. नागपूरच्या उन्हात वाढलेली ती बाई हिरवळीच्या कडेला, मीटरच्या पेटीपुढं गुडघ्यावर बसून झाकण उपसत होती. आतल्या कॉकला हात पोचत नव्हता. समोरच्या घरातले म्हातारे गृहस्थ आडव्या दांड्याची लांब चावी घेऊन आले आणि त्यांनी तो फिरवला. मग तीच चावी घेऊन ते दोघं गल्लीतल्या पुढच्या घराकडं गेले. बहीण मला हे सांगताना रडत होती. घराची छतं गेल्याचं दुःख होतंच, पण त्या चावीबद्दल बोलताना तिचा आवाज वेगळा होत होता.

पुण्यात पाण्याच्या संकटाचा विषय निघाला आणि पानशेत आठवलं नाही असं होत नाही. ज्यांचा जन्म नंतरचा त्यांनाही १२ जुलै १९६१ ही तारीख पाठ असते. आंबी नदीवरचं ते मातीचं धरण पहिल्याच पावसाळ्यात भरत होतं आणि काम अजून पुरं झालेलं नव्हतं. तळातून पाणी सोडण्याचे दरवाजे अर्धवट उघडे होते आणि ते वर-खाली करण्याची यंत्रणा पूर्ण बसलेली नव्हती. म्हणजे पाणी वाहत होतं, आणि ना नीट सोडता येत होतं, ना थांबवता येत होतं. खालच्या बोगद्यातून पाणी धडका देत जात होतं आणि वरची माती खचायला लागली. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून धरणाला शक्य तेवढा वेळ उभं ठेवलं. सकाळी ते फुटलं. त्या लोंढ्यापुढं खालचं खडकवासला धरणही टिकलं नाही. लकडी पूल पाण्याखाली गेला, नदीकाठच्या पेठांत वाडेच्या वाडे बसले. जवानांनी मिळवून दिलेल्या त्या तासांमुळं पाणी शहरात शिरलं ते उजाडल्यानंतर, लोक जागे असताना. रात्रीच आलं असतं तर काय झालं असतं, हे आमच्या घरातली जुनी माणसं बोलायचीसुद्धा नाहीत.

त्याच खडकवासल्यावर १९०३ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले होते. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की ते आपोआप उघडायचे आणि पातळी उतरली की मिटायचे. कुणी धावायचं नाही, कुणी किल्ली शोधायची नाही. एका नदीखोऱ्यात, साठ वर्षांच्या आत, आपले आपण हलणारे दरवाजे आणि कुणालाच हलवता न येणारे दरवाजे, दोन्ही होऊन गेले. पूर ओसरल्यावर तर उलटंच संकट उभं राहिलं. खडकवासल्याची भिंत गेली म्हणजे शहराचं साठवलेलं पाणीही गेलं. घरात कमरेएवढा चिखल आणि नळाला थेंब नाही. चिखल धुवायलाही पाणी हवं. माझी आजी तो काळ सांगताना पुराबद्दल थोडं बोलायची आणि नंतरच्या कोरड्या नळांबद्दल पुष्कळ.

हे सगळं मोठं, नद्यांचं. पण मला पुन्हा पुन्हा दिसतो तो मशीनच्या मागं कोपरापर्यंत गेलेला हात. हल्लीच्या घरांत पाइप दिसतच नाहीत. सगळं भिंतीच्या आत, वर सुंदर टाइल्स. कॉकसुद्धा टाइलच्या मागं, त्यावर चकचकीत बटण. नवीन घराची किल्ली देताना बिल्डरचा माणूस मोड्युलर किचनचे ड्रॉवर उघडून दाखवतो, बाल्कनीतून डोंगर दाखवतो. पाणी कुठं बंद होतं हे दाखवल्याचं मी ऐकलं नाही, आणि घेणाऱ्यानं विचारल्याचंही नाही. कुणाच्या वास्तुशांतीला गेले की मी हल्ली ते विचारते. लोकांना आश्चर्य वाटतं, मग ते शोधायला लागतात, मग घरातली मुलं शोधायला लागतात. एका घरात तो पोटमाळ्याच्या फळीमागं निघाला, एका घरात कचऱ्याच्या डब्याच्या वर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. त्या शोधण्यात घराला पहिल्यांदा नीट हात लागतो असं मला वाटतं. भिंतीमागून काय जातं, खालच्यांशी आपण कुठं जोडलेलो आहोत, आपल्या घरातली चूक कुणाच्या छतावर उतरणार, हे तेव्हा कळतं.

आमच्या सोसायटीनं गच्चीची एक किल्ली आता जिन्यातल्या खिळ्याला लावलीय. नंबर नव्यानं रंगवायचे आहेत, पण त्याआधी कुठला कॉक खरोखर कुणाचा हे ठरवायला एक रविवार काढावा लागणार. एकेक बंद करायचा आणि खालून हाक कुठून येते ते ऐकायचं. सगळ्यांचा एक रविवार जुळत नाहीये.

आमच्या स्वयंपाकघराचं काम सध्या निघालंय. ओट्यामागची जुनी टाइल काढली तेव्हा वरून येणारा पाइप उघडा पडला. मी प्लंबरला म्हटलं, इथंच घरात एक बॉल व्हॉल बसवून टाक, गच्चीवर धावायला नको. त्यानं पाइपावर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, किती उंचीवर? मी माझ्या खांद्याएवढी जागा दाखवली. तो म्हणाला, "तुम्ही तर दिवसा नसता ना, ताई. घरी कोण असतं?"

घरी आई असते. तिच्या बोटांत संधिवात आहे. चाक तिला फिरवता येत नाही, दांडी तळहातानं ढकलता येईल. दुपारनंतर शाळेतून माझी मुलगी येते. आणि सकाळी दोन तास मावशी असतात, त्याच, आजींकडच्या. आम्ही सगळ्याजणी त्या उघड्या भिंतीपुढं ओळीनं उभ्या राहिलो. मावशी म्हणाल्या, माझं सोडा, मी कुठंही पोचते. आईनं हात वर केला, तो खांद्यापर्यंतही गेला नाही. मुलीचा तिच्याहून चार बोटं वर पोचला. प्लंबरनं आईच्या तळहाताशी खूण केली आणि छिन्नी उचलली.

"थांब," आई म्हणाली. "तो व्हॉल आधी माझ्या हातात दे. बसवायच्या आधी मला फिरवून बघू दे."